दोन्ही गावांना ४१ गुण

"मॅडम, माझ्या जागी तुम्ही असत्या तर कुठं गेल्या असत्या?"

अमरावती जिल्ह्यात, परतवाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वेळा आलाय, की माणूस दारात चपला काढतानाच मला तो ऐकू येतो. सरकारच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षकभरती झाली आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलामुलींना कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा मिळाल्या. एकीकडं अमरावती, म्हणजे विद्यापीठ, अभ्यासिका, क्लासेस, मैत्रिणी. दुसरीकडं समुद्राकाठचं एखादं गाव, दोन शिक्षकांची शाळा आणि पक्की नोकरी. इथं की तिथं? यावर बोलायला येणाऱ्यांपैकी एकीची गोष्ट सांगते. तिला प्रणाली म्हणू. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय सत्तावीस, घर संत्र्याच्या पट्ट्यातलं. डी.एड., मग भूगोलात एम.ए., प्राध्यापकपदाच्या पात्रतेची सेट परीक्षा पास. अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि पीएच.डी.ची तयारी करायची. नेमणूक मिळाली ती गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात. तीन वर्षं वर्गात पुळण, खाजण, वाळूचे दांडे शिकवत होती आणि समुद्र एकदाही पाहिला नव्हता. हे सांगताना ती स्वतःच हसली. तेवढंच.

सोबत वडील आले होते. "मॅडम, तुमीच सांगा जी हिले. इतल्या दूर काहून जा लागते? पोट्टी महिन्याभरापासून धड जेवून नाई राह्यली." एवढं बोलून ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

तिनं पर्समधून वहीचा एक कागद काढला. मधोमध उभी रेघ, एका बाजूला अमरावती, दुसऱ्या बाजूला गुहागर. पगार, अभ्यास, सुरक्षितता, घरचे, लग्न, मन, असे सहा मुद्दे आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. खोडरबर इतक्या वेळा फिरलं होतं की कागदाला लव आली होती. 'मन'च्या जागी तर भोकच पडायचं बाकी होतं. बेरीज दोन्हीकडं ४१.

"एकीकडं वाढले की मी दुसरीकडं वाढवते," ती म्हणाली.

मला त्या कागदाचं फार अप्रूप वाटलं. हुशार माणसं असंच करतात. मी तिला दोन्ही ठिकाणचा एकेक साधा मंगळवार सांगायला लावला. अमरावतीचा मंगळवार सुरू झाला तो थेट संध्याकाळी. मैत्रिणी, गिला वडा, अभ्यासिकेतल्या गप्पा. गुहागरचा सुरू झाला रात्री. अंधार, एकटी खोली, लाटांचा आवाज. दोन्हीकडचा दिवस तिनं वगळलाच होता! अमरावतीच्या दिवसात तासांवर आणि उशिरा मिळणारे पैसे होते, सुट्ट्यांत तर तेही नव्हते. गुहागरच्या दिवसात मुलं होती, फळा होता, शिक्षणसेवकाची पहिली ३ वर्षं आणि महिना १६ हजार मानधन होतं. एका गावाची चांगली वेळ घ्यायची आणि दुसऱ्याच्या वाईट वेळेशी तोलायची, हे आपण सगळेच करतो. म्हणून माझ्याकडं येणाऱ्याला मी पहिलं काम देते ते माहितीचं. तिथं राहणाऱ्या माणसाला फोन कर. 'कसं आहे?' असं मोघम विचारू नको. पाणी कुठून येतं, शेवटची एसटी किती वाजता, आजारी पडलं तर कोण, हे विचार.

तिनं यवतमाळकडच्या एका शिक्षिकेला गाठलं, ती चार वर्षं त्याच भागात होती. पुढच्या भेटीत प्रणालीकडं पानभर मजकूर होता. आपल्याकडं वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथं ३ हजारांच्या वर. जुलैत कपडे वाळत नाहीत, रेंज जाते. तुरीची डाळ घरून न्यायची. यायला-जायला चिपळूणपर्यंत एसटी, तिथून कोकण रेल्वेनं मुंबई आणि मग रात्रभर अंबा एक्सप्रेस. आणि एक महत्त्वाचं: आंतरजिल्हा बदली लवकर होईल असं गृहीत धरून येऊ नकोस.

भीती बरीच उतरली होती. निर्णय मात्र तिथल्या तिथंच.

इथं माझंही एक कबूल करते. मला आतून वाटत होतं, अगं, सरकारी नोकरी आहे, जा! माझ्या पिढीला तेच सुचणार. जीभ चावून बसले.

ती बोलत होती आणि मी तिची वाक्यं जशीच्या तशी लिहून घेत होते. "निर्णय बरोबरच यायला पाहिजे. आत्ताच ठरवायला पाहिजे. नंतर पस्तावायची वेळ यायलाच नको." मी तिन्ही 'च'भोवती पेननं गोल केले आणि कागद तिच्यापुढं सरकवला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. माझी घडण त्यातलीच. इच्छा असणं वेगळं आणि हट्ट असणं वेगळं. तो फरक दाखवायला मराठीत एक अक्षर पुरतं, याचा मला थोडा अभिमानही आहे.

"हे गोल काढून वाच."

तिनं वाचलं. परत वाचलं, या वेळी सावकाश. "पण मॅडम, 'च' काढला तर चुकायची मुभा दिल्यासारखं होतं."

"मग ती मुभा कुणी काढून घेतली होती?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बैल विकले होते."

बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेसाठी ती वर्षभर नागपूरला राहिली. त्या वर्षी वडिलांनी बैलजोडी विकली. नंबर लागला नाही. "बाबा काही बोलले नाहीत. आजपर्यंत एकदाही नाही." नऊ वर्षं ती जोडी तिच्या डोक्यात उभी होती. आता प्रत्येक निर्णय असा हवा होता, की कुणाचं काही विकावं लागणार नाही.

तिला विचारून मी वडिलांना आत बोलावलं. तिनं मान खाली घालून विचारलं. ते गोंधळले. "बैल? ते तं विकाचेच होते वो! म्हातारे झाले होते. तुह्या शिक्षणाचा काय संबंध?"

ती हसली की रडली, मला नीट सांगता येणार नाही. मी वडिलांना विचारलं, पाणी तोडून संत्र्याला ताण देता तेव्हा बहार येईलच याची खात्री असते का? ते खुर्चीत पुढं सरकले. हा त्यांचा विषय. डिसेंबरात आंबिया बहारासाठी पाणी तोडलं होतं, अवकाळी पाऊस आला, ताण तुटला, फूल फुटलंच नाही.

"मग?"

"मंग काय, पावसाळ्यातल्या मृग बहारावर गेलो. झाड काय तोडाचं राह्यते?"

'च'वर बोट ठेवलं ते मी. गाठ सुटली ती बैलांमुळं आणि या एका वाक्यामुळं. दूर पाठवायला बाप तयार नाही, असा माझाही समज होता. त्यांना फक्त पोरगी जेवत नव्हती याची काळजी होती.

त्यानंतर फार काही उरलं नाही. कोणतं दार पुन्हा उघडतं आणि कोणतं नाही, एवढं पाहिलं. रुजू व्हायची तारीख उलटली की ती नोकरी गेली. पास झालेली सेट कुठं जात नाही. पीएच.डी. परवानगी काढून, उशिरा, कदाचित अर्धवेळ होईल. झाली नाही तर वाईट वाटेल, आणि वाटू द्यावं. तिनं गुहागर घेतलं. त्याच उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या एका मुलानं सिंधुदुर्गातली शाळा सोडून अमरावतीची अभ्यासिका धरली, सगळे हिशेब डोळ्यांपुढं ठेवून. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

शेवटच्या भेटीला ती पुढं निघून गेली तरी वडील दारात रेंगाळत उभे होते. टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, एक विचारू का जी? रेल्वेत तुरीच्या डाळीचं कट्टं नेऊ देते काय?"

"नेऊ देतात," मी म्हटलं. "खुशाल न्या."