लेन्स नंतर घे, आधी तांब्या घास

बाळा,

लग्नाचे फोटो सोडून जाहिरातीच्या कामात यायचं म्हणून पाठवलेले तुझे चाळीस फोटो बघितले. दोन बैठकीत बघितले, कारण पहिल्या वेळी राग आला होता. रंकाळ्यावरची मुलगी, न्यू पॅलेससमोरची मुलगी, पंचगंगेच्या घाटावरची मुलगी. मुली छान, साड्या छान, आणि मागचं सगळं इतकं धूसर की रंकाळा आहे की लोणावळा, पत्ता लागत नाही. वर तू विचारतोस, चेहऱ्यांसाठी पंच्याऐंशी एमएमची लेन्स घेऊ की अगदी जवळून काढायची शंभरची मॅक्रो? एकही घेऊ नकोस. लागेल तेव्हा भाड्यानं आण.

लग्नात जे घडतं ते तू टिपतोस. जाहिरातीच्या कामात तू काही केल्याशिवाय काहीच घडत नाही. वस्तू टेबलावर पडून असते आणि सगळे तुझ्या तोंडाकडे बघत असतात. म्हणून माझी एक सवय आहे: लाइट उघडायच्या आधी वस्तू हातात घ्यायची. वजन बघायचं, उलटी करून बघायची, आणि कारागिराला विचारायचं, यात सगळ्यात अवघड काय गेलं?

एका कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यानं मला याचं उत्तर म्हणून वेणी दाखवली होती. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची, हातानं वळलेली. मी तोवर समोरून सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडाआडचा मऊ लाइट, मारत होतो आणि चप्पल खोक्यावरच्या चित्रासारखी सपाट येत होती. लाइट टेबलाच्या उंचीवर उतरवला, बाजूनं, चामडं चाटून जाईल असा. वेणीचा पेड न् पेड उठला. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही वस्तू, तिचा फोटो साच्यातून काढलेल्या सँडलसारखा काढायचा म्हणजे काय?

कोल्हापुरी साजाचं, म्हणजे गळ्यातल्या सोन्याच्या दागिन्याचं, गणित उलटं. पारंपरिक साजात २१ पानं, मध्ये जवमणी, आणि प्रत्येक म्हणजे वाकडा आरसा. त्यात खिडकी दिसते, ट्रायपॉड दिसतो, तुझा शर्टही दिसतो. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारी काच, लावून उपयोग नाही. काचेवरची, पाण्यावरची चमक तो कापतो, उघड्या धातूपुढं हात टेकतो. माझ्या पहिल्या कामात मी हुशारी केली. चारी बाजूंनी बटर पेपर लावला, सगळीकडं मऊ उजेड. गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या, त्या सराफानं फोटो बघितला आणि शांतपणे विचारलं, “पितळ आहे काय हे?” सोन्याला पांढऱ्याइतकंच काळंही लागतं. काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना धरल्या की पानाची कड दिसते आणि सोनं पिवळं होतं. लेन्सचं छिद्र बारीक, एफ ११ वर ठेव. मोठ्या छिद्रानं, २.८ वर, जवळून काढलंस तर एकवीसातलं एखादंच पान शार्प येईल आणि बाकीच्यांचे पैसे गिऱ्हाईक देणार नाही.

तुला उजेड शिकायला यूट्यूब लागतो, याचं मला हसू येतं. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. आधी चरणांवर, पुढच्या दिवशी कमरेपर्यंत, मग मुखावर. सूर्य तोच, मूर्ती तीच, फक्त कोन सरकतो. गर्दीत उभा राहा आणि मोबाईल खिशात ठेवून बघ. आणि आपल्या बाबूराव पेंटरांचं बघ: १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारा हा माणूस शूटिंगआधी पोशाखांची, दृश्यांची चित्रं स्वतः काढायचा. तुझं चित्र कच्चं असलं तरी चालेल, काड्यांची माणसं काढ. पण मॉडेल येण्याआधी कागदावर काहीतरी असू दे. फोटो कुठं लागणार तेही आधीच विचार. कावळा नाक्यावरचं होर्डिंग माणूस गाडीवरून जाताना बघतो. तिथं बारीक नक्षी वाया जाते, आणि अक्षरांना जागा सोडली नसली तर डिझायनर तुझ्या फोटोचं डोकं कापतो.

मॉडेलला कपडे बदलायला कडी लागणारी खोली, सोबत तिच्या ओळखीचं कुणीतरी, आणि वेळेवर जेवण. यात घासाघीस नाही. हात लावून पदर नीट करायचा नाही, त्यासाठी स्टायलिस्ट किंवा मदतनीस बाई असते. नसेल तर तोंडानं सांग.

आता पैशाचं. मला उशिरा कळलं म्हणून तुला लवकर सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणाराच असतो, वेगळा करार नसला तर. माझा एक फोटो एका गिऱ्हाइकानं कॅलेंडरवर, मग खोक्यांवर, मग दुसऱ्या गावच्या दुकानावर चढवला. मी तणतणत वकिलाकडं गेलो. वकिलानं विचारलं, कागद कुठाय? कागद नव्हताच. चहा पिऊन परत आलो. तेव्हा एक पान लिहून घे: कुठं वापरणार, किती दिवस, हक्क कुणाचा. सही आधी, कॅमेरा नंतर.

रविवारी स्टुडिओत ये. येताना आजीचा पितळी तांब्या चिंच लावून घास आणि त्याचा एक फोटो काढून आण, ज्यात तू कुठंही दिसणार नाहीस. मोबाईलवर काढलास तरी चालेल. तांब्याही आण, मला ताडून बघायचंय.

तुझा,
काका