चेसीचे रिवेट हलून रायले, वेल्डिंग मारू का?

प्रश्न: भाऊ, बाबांची जुनी पेट्रोल जीप कोठ्यात पडून होती, आता मी खोलली. मागच्या क्रॉस मेंबरचे, म्हणजे चेसीच्या (खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) आडव्या पट्टीचे, रिवेट हलून रायले. गावातला वेल्डिंगवाला म्हणते, रिवेट-फिवेट सोडा, चारी बाजूनं वेल्डिंग फिरवून देतो, जलमभर हलनार नाही. करू का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: थांबा भाऊ, मशीन लावू देऊ नका. पांदणीत एक चाक खड्ड्यात गेलं की जीपची चेसी पिळते, अन् पिळलीच पाहिजे, ती तशीच बनवली आहे. रिवेटचा जोड त्यात कणभर लवते, वेल्डिंगचा लवत नाही, मग सगळा ताण वेल्डच्या टोकाशी जमा होते अन् वेल्ड शाबूत राहून बाजूचं लोखंड चिरते, कारण तापून त्याचा गुणच बदललेला असते. अन् रिवेट ठेवून वरून वेल्डिंग म्हणजे तर भार सगळा वेल्डवर, रिवेट नुसते नावाले.

पहिले रिवेटच्या डोक्याभोवती गंजाची लाल भुकटी आहे का पाहा, ती जोड घासत असल्याची खूण. मग एका बाजूनं बोट लावा, दुसरीकडून हातोडी टिचकवा, बोटाले हललेलं लागलं की तो गेला. गॅस कटरनं उडवू नका, भोक खराब होते. डोकं ग्राइंडरनं घासा, मधात ड्रिल मारा, पंचानं ठोकून काढा. दोन प्लेटींच्या मधात गंज फुगला असंन तर जोड उघडून साफ केल्याशिवाय नवीन रिवेटही टिकत नाही.

गरम रिवेट थंड होताना आखडते अन् प्लेटी करकचून धरते, पण त्याले हात बसलेला मिस्त्री पाहिजे. नागपूरले वाडीकडे ट्रकच्या चेसीचं काम करणारा भेटला तर त्यालेच द्या. नाही तर बोल्ट चालते, पण डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा नंबर लिहिलेला, रिमर मारलेल्या (अचूक मापात घासून घेतलेल्या) भोकात ठोकून बसन असा, अन् आटे प्लेटीच्या आत यायले नको. किलोवर भेटते तो बोल्ट तर बिलकुल नको.

वेल्डिंग लागते ते चीर भरायले अन् गंजानं खाल्लेला तुकडा बदलायले. चिरीच्या टोकाले आधी बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढं पळत नाही, पॅचची कड तिरपी ठेवा, बॅटरीची वायर काढा, सीटखालची पेट्रोलची टाकीही उतरवा. अन् हो, ग्राइंडर लावायच्या आधी चेसी नंबर शोधून त्यावर टेप मारा, तो घासल्या गेला तर आरटीओत आरसी दाखवून कोणी ऐकत नाही.