सोळा महिने काम केलं, तरी पीआर का नाही?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बीई मेकॅनिकल. जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात दोन वर्षं मेंटेनन्सला होता. मग कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स केला. शिक्षणानंतर मिळणारं तीन वर्षांचं वर्क परमिट हातात आहे, त्यातले सोळा महिने ब्रॅम्प्टनच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यात गेले. मुलाला पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याची परवानगी, हवा आहे. वडील लिहितात, "वर्षभर काम केलं की पीआर होतो, असं जाताना सांगितलं होतं. आता एक जण म्हणतो, सुपरवायझरचं अनुभवपत्र काढून देतो, दहा लाख लागतील. दोन एकर काढून टाकू का? पोऱ्या फोनवर धड बोलत नाही. इकडे सोयरिकी येताहेत, त्यांना काय सांगू?"

भाऊ, नमस्कार.

आधी जमिनीचं सांगतो. विकू नका. या कामासाठी एक गुंठाही विकू नका. विकतचं अनुभवपत्र म्हणजे सरकारकडे खोटी माहिती देणं. तिथला अधिकारी पगाराच्या पावत्या, बँकेतली जमा, वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा टी-फोर हे सगळं मागू शकतो, मालकाला फोनही करू शकतो. पत्रात सुपरवायझर आणि पावतीवर हमालीचा पगार, हे सहज उघडं पडतं. मग अर्ज तर जातोच, वर पाच वर्षांची बंदी बसते. त्या माणसाला एकच विचारा : इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणाऱ्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेचा परवाना आहे का? असेल तर नंबर घ्या आणि मुलाला त्यांच्या वेबसाइटवर तपासू द्या.

आता वर्षाचं. तुम्हाला जाताना अर्धीच गोष्ट सांगितली गेली. कॅनडात कुशल कामगारांना पीआर देण्याच्या एक्सप्रेस एंट्री या पद्धतीत 'कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास' नावाचा मार्ग आहे. अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत कॅनडात किमान एक वर्षाचं, म्हणजे १,५६० तासांचं पगारी काम लागतं. पण ते काम कुशल हवं. तिथे प्रत्येक कामाला व्यवसायांच्या सरकारी यादीतला पाच आकडी एनओसी कोड असतो आणि त्यातला दुसरा आकडा कामाची पातळी सांगतो. तो ०, १, २ किंवा ३ असेल तरच काम धरतात. गोदामातल्या माल हाताळणाऱ्याचा कोड ७५१०१. दुसरा आकडा पाच. म्हणून सोळा महिने घाम गाळूनही पीआरच्या हिशोबात ते शून्य आहेत. मुलाने काहीही चुकीचं केलेलं नाही. भाडं भरायला जे काम मिळालं ते त्याने केलं, आणि ते प्रामाणिक काम आहे. तो फोनवर का बोलत नाही, याचं उत्तर मला इथेच दिसतं. त्याला हे कळलेलं असणार आणि तुम्हाला कसं सांगावं हे कळत नसणार. पुढच्या फोनला तुम्हीच म्हणा, "आम्हाला समजलंय, आता पुढचं बघू."

पुढचं बघायला वीस महिने आहेत. त्यातलं एक वर्ष कुशल कामाला हवं. हे वर्ष ओव्हरटाइम करून लवकर संपवता येत नाही, कारण आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त काम मोजतच नाहीत. म्हणजे नवी नोकरी येत्या चार-पाच महिन्यांत लागली पाहिजे, नाहीतर शेवटी अर्जाला वेळ उरणार नाही. अर्जाचं बोलावणं आल्यावर ६० दिवसांत सगळी कागदपत्रं भरावी लागतात. मालक बदलला तरी चालतो, दोन ठिकाणचे तास जोडता येतात. स्वतःचा धंदा म्हणून केलेलं काम, उदाहरणार्थ ॲपवरची डिलिव्हरी, मात्र धरत नाहीत. कोर्स चालू असताना केलेले तासही नाहीत.

कोणती नोकरी? मुलाने जळगावात यंत्रं दुरुस्त केली आहेत. मोठ्या गोदामांत आणि कारखान्यांत कन्व्हेयर, मोटारी, गिअरबॉक्स सांभाळणारे इंडस्ट्रियल मेकॅनिक लागतात, तिकडे त्यांना मिलराइट म्हणतात. कोड ७२४००, दुसरा आकडा दोन. त्याने आधी आपल्याच गोदामाच्या मेंटेनन्स विभागात विचारावं, तिथे त्याला लोक ओळखतात. एका ठिकाणी सावध राहावं : प्लास्टिकच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर म्हणून घेतात आणि 'कारखान्याचं काम आहे, टेक्निकल आहे' असं वाटतं, पण ऑपरेटरची पातळी चार आहे. पुन्हा वर्ष वाया. आणि फक्त पदाचं नाव पुरत नाही. रोज हाताने जे काम होतं ते त्या कोडखाली लिहिलेल्या कामांशी जुळावं लागतं.

पात्र होणं आणि निवड होणं या दोन पायऱ्या आहेत, हेही स्पष्ट सांगतो. १,२०० पैकी गुण मिळतात आणि वरच्यांना बोलावतात. २०२५ मध्ये या वर्गाच्या फेऱ्यांची कटऑफ पाचशेच्या वरच राहिली. इथे सर्वांत स्वस्तात वाढणारे गुण इंग्रजीचे. अविवाहित उमेदवाराला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत कॅनडाच्या मोजणीतली सातवी पातळी असेल तर ६८ गुण, नववी असेल तर १२४. नववी म्हणजे आयईएलटीएसमध्ये लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७. कॉलेजसाठी दिलेली ॲकॅडमिक परीक्षा इथे चालत नाही, जनरल ट्रेनिंगची द्यावी लागते आणि निकाल दोन वर्षंच टिकतो. दहा लाखांऐवजी या अभ्यासाला रोज दोन तास दिले तर जास्त मिळेल, हे माझं ठाम मत आहे. चिकाटी असेल तर फ्रेंचही शिकावी. २०२५ मध्ये फ्रेंच जाणणाऱ्यांच्या फेऱ्यांची कटऑफ पाचशेच्या खाली होती. वर्षभरात होईल असं मात्र समजू नका, ती पातळी गाठायला मेहनत फार.

तुमच्याकडे एक काम सोपवतो, भाऊ. जळगावच्या कारखान्यातली दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. इंग्रजी चांगली असेल किंवा कॅनडातला अनुभव जोडीला असेल, तर भारतातल्या कुशल अनुभवाचेही गुण मिळतात. त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागतं : पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि रोजची कामं सविस्तर, खाली सही आणि संपर्क. 'वागणूक चांगली होती' एवढ्या चार ओळींचं पत्र उपयोगाचं नाही. मुलाचे तिथले साहेब बदलून जाण्याआधी एमआयडीसीत जाऊन हे पत्र घ्या. बहिणाबाई विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टसाठीही अर्ज करून ठेवा, पदवीच्या मूल्यांकनाला ते लागतात.

वर्ष पूर्ण होऊन अर्ज गेला आणि निर्णय यायच्या आत परमिट संपत आलं, तर मधल्या काळात काम करू देणारं ब्रिजिंग वर्क परमिट मागता येतं. पण अर्ज परमिट चालू असतानाच गेलेला हवा. आणि नोकरी लागलीच नाही, तर परमिट संपल्यावर लपूनछपून राहायचं नाही. सरळ घरी यायचं. कॅनडातली पदविका घेऊन आलेल्या मेंटेनन्स इंजिनिअरला चाकणला, नाशिकला काम आहे.

राहिली सोयरीक. मुलीकडच्यांना स्पष्ट सांगा की मुलगा वर्क परमिटवर आहे, पीआर झालेला नाही, कधी होईल हे आज सांगता येत नाही. ज्यांना हे चालेल त्यांच्याशीच बोलणी पुढे न्या. लग्न ठरलंच तर एक लक्षात ठेवा : लग्नानंतर गुणांचा हिशोब बदलतो, बायकोचं शिक्षण आणि इंग्रजी त्यात येतं. अर्ज दिल्यानंतर आणि पीआर हातात पडण्याआधी लग्न झालं तर ते लगेच कळवावं लागतं. काही जण 'आधी पीआर होऊ दे, मग सांगू' म्हणून लपवतात आणि नंतर बायकोला बोलावून घेण्याचा मार्गच अडवून बसतात. साखरपुड्याची तारीख धरण्याआधी मुलाशी याच मुद्द्यावर बोला.