मुलीला जुन्या वळणाचं नाव ठेवताय? आधी हाक मारून बघा

यमुना, सुमती, मालती, इंदू ही नावं आजही छान चालतात. तीन अक्षरांपर्यंत असलं की हाक तुटत नाही.

खरी अडचण स्पेलिंगची. रोमन लिपीत 'ळ' नाही, म्हणून मंजुळाची मंजुला होते. 'ज्ञानदा' तर 'डी'पासूनही लिहितात आणि 'जी'पासूनही. एकच ठरवा, जन्मदाखल्यापासून तेच लिहा. नाहीतर पुढे पासपोर्टच्या वेळी कागद जुळत नाहीत. कमल, विमल ही नावं पुरुषांचीही असतात, तेव्हा एखादं पत्र 'श्री' लावून येईल.

आडनावासकट दहादा मोठ्याने म्हणा. लाडाचं नाव तुम्हीच ठरवा, नाहीतर गोदावरीची 'गोदी' नातेवाईक करतीलच! अर्थ मात्र शब्दकोशात पाहा. नावांच्या याद्यांत काहीही छापलेलं असतं.