रिपोर्ट ४७, एक्सएक्सवाय आलाय. ऑपरेशन करून शुक्राणू मिळतील की नाही, हे आधी कळतं का?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: वय ३१, दोन्ही वेळा काउंट निल (वीर्यात एकही शुक्राणू नाही), वृषणं लहान, एफएसएच (वृषणांना काम करायला लावणारं हार्मोन) ३४, करिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) ४७, एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स जादा. एक डॉक्टर म्हणाले, "एफएसएच एवढा वाढलाय, उगाच चिरफाड करून घेऊ नका." दुसरे म्हणाले, "मायक्रो-टेसे (वृषण उघडून शुक्राणू शोधण्याचं ऑपरेशन) करू, निम्मा चान्स आहे." खरं कुणाचं मानायचं, आणि पैसे भरण्याआधी नक्की काही कळेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात एका आयव्हीएफ सेंटरच्या लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. थिएटरमधून आलेल्या तुकड्यात शुक्राणू शोधणं हे माझं काम. तुमचे उपचार मी ठरवू शकत नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे. ४७, एक्सएक्सवाय, म्हणजे क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषांच्या ऑपरेशनांचे जे अभ्यास झालेत, त्यांत साधारण ४० ते ५० टक्के जणांत शुक्राणू सापडतात. त्या निम्म्यांत तुम्ही आहात की नाही, हे खात्रीनं सांगणारी तपासणी आज कुठेच नाही. कोल्हापुरात नाही, मुंबईत नाही, परदेशातही नाही. तसा दावा कुणी करत असेल तर सावध राहा.

एफएसएचवरून का कळत नाही ते सांगते, कारण या एका आकड्यावरून कितीतरी जणांना परत पाठवलं जातं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शुक्राणू तयार होण्याचं काम मंदावलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जास्त एफएसएच सोडते. म्हणजे हा आकडा दोन्ही वृषणांच्या एकूण कामाचा अंदाज देतो. आपल्याला मात्र एकूण काम नकोय, कुठेतरी शुक्राणू बनवणाऱ्या चार नलिका चालू आहेत का एवढंच हवंय. ऊस लावलेल्या रानात बहुतेक ठिकाणी उगवणच झाली नाही, पण मधल्या एखाद्या सरीत दोन-चार डोळे फुटलेत, तर ते बांधावरून दिसत नाही. रानात उतरून सरी न् सरी बघावी लागते. शिवाय क्लाइनफेल्टरमध्ये जवळजवळ सगळ्यांचाच एफएसएच वाढलेला असतो आणि सगळ्यांचीच वृषणं लहान असतात. ज्यांना शुक्राणू मिळाले त्यांचीही, आणि ज्यांना नाही मिळाले त्यांचीही. मग त्या आकड्यानं दोघांना वेगळं कसं करणार?

दुसरं कारण पेशींमध्येच आहे. करिओटाइप रक्तातल्या पेशींवर होतो. वृषणातल्या काही मोजक्या बीजपेशी वाढताना जादाचा एक्स गमावतात आणि ४६, एक्सवाय, म्हणजे नेहमीच्या पुरुषासारख्या होतात, आणि शुक्राणू बहुधा अशाच पेशींपासून तयार होतात, असं संशोधनात दिसलंय. ही घडामोड वृषणाच्या आत, ठिकठिकाणी, तुरळक होते. रक्ताच्या नळीत तिचा पत्ता लागत नाही.

वयाबद्दल मतं जुळत नाहीत. पस्तिशीच्या आत यश जास्त मिळतं असं काही अभ्यास म्हणतात, सगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर तो फरक ठळक राहत नाही. तरीही वर्षानुवर्षं थांबू नका असंच मी म्हणेन, आणि त्याचं मोठं कारण वहिनींचं, म्हणजे तुमच्या पत्नीचं वय आहे. स्त्रीबीजांवर वयाचा परिणाम होतो याबद्दल कुणाचंच दुमत नाही. वय, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, एएमएच (वृषणातलं आणखी एक हार्मोन), वृषणाचा आकार असं सगळं घालून टक्केवारी काढणारे कॉम्प्युटर प्रोग्रामही निघालेत. ते गटाचा अंदाज देतात. एका माणसाला ऑपरेशन नाकारावं इतका भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही.

आता जिथे जनुकीय तपासणी खरंच ठाम उत्तर देते, त्याबद्दल. हे तुमच्यापेक्षा इतर वाचणाऱ्यांसाठी जास्त, पण तुमच्या कागदांतही हा रिपोर्ट दिसला नाही म्हणून डॉक्टरांना विचारा: वाय क्रोमोसोम मायक्रोडिलिशन, म्हणजे वाय क्रोमोसोमचा बारीक तुकडा गायब आहे का ते पाहणारी तपासणी. वायच्या लांब बाजूवर एझेडएफ-ए, बी आणि सी असे तीन भाग मानतात. ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर ऑपरेशनमध्ये शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य, आणि तिथे चाकू लावूच नये. फक्त सी गेला असेल तर निम्म्याच्या आसपास लोकांना मिळतात, काहींच्या तर वीर्यातच थोडे असतात. रिपोर्टमध्ये एसवाय८४, एसवाय८६ हे ए-चे मार्कर (तपासायच्या खुणा), एसवाय१२७, एसवाय१३४ बी-चे, एसवाय२५४, एसवाय२५५ सी-चे. एखादाच मार्कर गायब दिसला तर पूर्ण भाग गेला असं धरून बसू नका, तपासणी पुन्हा करून खात्री करतात. तसंच ज्या पुरुषाचा करिओटाइप ४६, एक्सएक्स निघतो, त्याच्याकडे हे तिन्ही भाग नसतातच, त्यामुळे तिथेही शोधण्यात अर्थ नाही. रक्ताच्या दोन नळ्यांचं काम आहे, करिओटाइपला हिरव्या टोपणाची आणि या तपासणीला जांभळ्या टोपणाची. ती न करता थेट थिएटरमध्ये नेलेला माणूस पाहिला की जीव तुटतो.

याच्या अगदी उलट गोष्ट जन्मतः वीर्यवाहिन्या नसलेल्यांची. तिथे बहुतेकदा सीएफटीआर जनुकात दोष असतो, वृषणाचं काम नीट चालू असतं, आणि सुईनं शुक्राणू जवळजवळ नेहमीच मिळतात. फक्त आधी बायकोचीही सीएफटीआर तपासणी करायची, नाहीतर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होण्याचा धोका राहतो.

तुमच्याकडे परत येते. ऑपरेशनच्या आधी तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल न घेणं. क्लाइनफेल्टरमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी असतं, म्हणून अशक्तपणावर कुणीतरी ते सुरू करतं. आपल्याकडे तालमीत आणि जिममध्येही ही इंजेक्शनं मिळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाहेरून हार्मोन आलं की पिट्युटरी गप्प बसते आणि वृषणात जे काही थोडं चालू असतं तेही थांबतं. आधी घेतलं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना तारखांसकट सांगा. ते बंद करून काही महिने थांबायला सांगतील. काही डॉक्टर लेट्रोझोल, क्लोमिफेन किंवा एचसीजी देऊन शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढवतात. त्यानं शुक्राणू मिळण्याची शक्यता वाढतेच असा पक्का पुरावा नाही, पण अँड्रॉलॉजिस्टनं (पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरांनी) विचार करून दिलं तर घ्यायला हरकत नाही.

आणि "आधी एक सुई घालून बघू, नाही मिळाले तर विषय संपला" याला लगेच हो म्हणू नका. लहान वृषणात एका जागी सुई कोरडी आली, तर त्यावरून फक्त त्या जागेचं कळतं.

मायक्रो-टेसे ही पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. पीटर श्लेगल यांनी १९९९ साली मांडली. भूल देऊन वृषण उघडतात आणि ऑपरेटिंग मायक्रोस्कोपखाली नलिका पाहतात. बहुतेक बारीक आणि निस्तेज असतात; एखादी फुगीर, पांढरट दिसली की तिचा छोटा तुकडा आमच्याकडे येतो. आम्ही तो थेंबभर द्रवात सुयांनी पिंजतो आणि मोठ्या भिंगाखाली कोपरान् कोपरा शोधतो. सुरुवातीच्या डिशेस रिकाम्या जातात, थिएटरमधून "काय दिसतंय का?" असा निरोप येत राहतो, आणि तासाभरानं कधी पेशींच्या गर्दीत एखादी शेपटी वळवळताना दिसते. कधी शेवटच्या डिशपर्यंत काहीच दिसत नाही. म्हणून सेंटर निवडताना रंगीत ब्रोशरपेक्षा दोन गोष्टी विचारा: हे सर्जन क्लाइनफेल्टरची अशी ऑपरेशनं नेहमी करतात का, आणि त्या दिवशी लॅबमध्ये कोण बसणार आहे? गरज पडली तर पुण्या-मुंबईला जा. एवढ्या लहान वृषणावर पुन्हा पुन्हा ऑपरेशन परवडत नाही, त्यामुळे पहिलं चांगल्या हातून व्हावं.

वहिनींशी आधीच बसून बोला. त्यांची इंजेक्शनं सुरू करून त्याच दिवशी तुमचं ऑपरेशन करायचं, की आधी तुमचं करून शुक्राणू मिळाले तर गोठवायचे? पहिल्या मार्गात शुक्राणू ताजे वापरता येतात, पण नाही मिळाले तर त्यांचे हाल वाया जातात. मग स्त्रीबीजं गोठवायची की दात्याचे शुक्राणू वापरायचे, हे भूल उतरताना ठरवू नये. दुसऱ्या मार्गात त्यांना नाहक त्रास होत नाही, पण मोजकेच शुक्राणू असले तर वितळवताना काही हातचे जातात. मला विचाराल तर निम्माच भरवसा असताना दुसरा मार्ग बाईच्या शरीरावर कमी अन्याय करतो. दात्याचा पर्याय स्वीकारलात तर २०२१ च्या एआरटी (वंध्यत्व उपचारांच्या) कायद्यानुसार शुक्राणू नोंदणी झालेल्या बँकेतूनच घ्यावे लागतात आणि लेखी संमती लागते. सासू-सासऱ्यांना काय सांगायचं, हा निर्णय तुम्हा दोघांचा. सेंटरनं तो घ्यायचा नाही.

शुक्राणू मिळाले की मूल नक्की, असंही नाही. इक्सी (स्त्रीबीजात सुईनं एक शुक्राणू सोडणं), गर्भ तयार होणं, तो रुजणं, प्रत्येक पायरीवर गळती होते, हे हिशेबात धरा.

मुलाला हेच येईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. क्लाइनफेल्टर असलेल्या वडिलांची आजवर जन्मलेली बहुतेक मुलं क्रोमोसोमच्या दृष्टीनं निरोगी आहेत. काळजी वाटत असेल तर जेनेटिक काउन्सेलरशी बोलून गर्भाची तपासणी करता येते. एझेडएफ-सी गेलेल्या वडिलांचं मात्र वेगळं आहे, त्यांच्या मुलग्यांमध्ये तोच वाय जातो.

ऑपरेशननंतर टेस्टोस्टेरॉन आणखी खाली जातं आणि क्लाइनफेल्टरमध्ये ते नेहमी पूर्ण भरून येत नाही. म्हणून निकाल काहीही लागो, काही महिन्यांनी ते पुन्हा तपासा आणि एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जात राहा. हाडांची घनता, साखर, वजन यांवर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं. मुलाचा विषय मार्गी लागला की तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यानं टेस्टोस्टेरॉन घेता येतं.