घरमालकीण रडली म्हणून लीहायचं घर सोडू नका

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या यजमानांची पुण्याहून अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या लीहायला बदली होतेय, नऊ आणि पाच वर्षांची मुलं सोबत आहेत, आणि तिथल्या एका कुटुंबाच्या घराचं बेसमेंट भाड्यानं घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मग सप्टेंबरच्या शेवटी व्हिडिओ कॉलवर घर दाखवता दाखवता घरमालकीण रडायला लागली. तिची आई मागे डोळे पुसत बसली होती. त्यांच्या चर्चचे, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात त्याचे, प्रमुख आदल्या रात्री वारले, असं कळलं. ‘वय १०१. पिकलं पान गळालं, त्यात एवढं काय?’ असं तुमच्या सासूबाई म्हणाल्या. आणि तुम्हाला काळजी वाटायला लागली की ही माणसं फार कट्टर तर नसतील? मुलांना घेऊन त्यांच्या घरात राहावं का?

राहा. व्हिसा, शाळा, गाडी यांबद्दल तुम्हाला इतर कुणीही सांगेल, म्हणून मी या रडण्याबद्दलच लिहिते. मी लीहायला लागूनच असलेल्या अमेरिकन फोर्कमध्ये राहते. शेजारी याच चर्चचं कुटुंब आहे. आजी, मुलगा-सून आणि नातवंडं. तुमच्या कॉलच्या वेळी मी त्यांच्याकडेच जाऊन-येऊन होते.

आधी गेले ते कोण होते, ते सांगते. रसेल नेल्सन. जन्म ९ सप्टेंबर १९२४, सॉल्ट लेक सिटीतलाच. धर्मगुरू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लहानपणापासून धर्माला वाहिलेला माणूस येतो. हे मुळात हृदयाचे सर्जन. मिनेसोटात हार्ट-लंग मशीन, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र, तयार करणाऱ्या संशोधनात ते तरुणपणी होते आणि १९५५ मध्ये यूटातली पहिली ओपन हार्ट सर्जरी त्यांनी केली. या चर्चमध्ये पगारी पुरोहितवर्ग नसतो. गल्लीतला बिशप, म्हणजे तिथल्या मंडळीचा प्रमुख, कुणी दंतवैद्य असतो, कुणी अकाउंटंट, आणि काही वर्षांनी तो ते काम दुसऱ्याच्या हाती देतो. नेल्सन १९८४ मध्ये बारा प्रेषितांच्या, म्हणजे अध्यक्षांखालोखालच्या नेत्यांच्या, मंडळात आले आणि जानेवारी २०१८ मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी, चर्चचे अध्यक्ष झाले. अध्यक्षांना ही माणसं प्रॉफेट मानतात. देव आजही बोलतो आणि या माणसाकरवी बोलतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. जगभरात या चर्चचे एक कोटी सत्तर लाखांहून जास्त सभासद आहेत आणि त्या सगळ्यांचा प्रॉफेट एकच.

आपल्याकडे एखाद्या मठाचे महाराज गेले की गावंच्या गावं दर्शनाला लोटतात, तसं काहीसं तुमच्या मनात आलं असेल. गर्दी इथेही होती. ६ ऑक्टोबरला अंत्यदर्शन होतं, ७ तारखेला एकवीस हजार माणसं मावतील अशा कॉन्फरन्स सेंटरमध्ये अंत्यविधी झाला. पण नंतर सॉल्ट लेक सिटीच्या सार्वजनिक दफनभूमीत, इतरांच्या शेजारीच, त्यांना ठेवलं. समाधी नाही, पादुका नाहीत, नवस नाहीत. शोक झाला तो घराघरांत, आणि तो आजोबा गेल्यासारखा झाला.

यामागचं कारण कळलं, की तुमची घरमालकीण तुम्हाला जवळची वाटू लागेल. नेल्सन अध्यक्ष झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी रविवारची तीन तासांची चर्च दोन तासांवर आणली आणि उरलेला वेळ घरी, कुटुंबानं मिळून धर्मग्रंथ वाचण्यासाठी द्यायला सांगितला. जानेवारी २०१९ पासून हे सुरू झालं. पुढच्याच वर्षी कोविड आला. मार्च २०२० मध्ये जगभरातल्या त्यांच्या सभा थांबल्या, आणि प्रार्थनेचा पाव अन् पाणी घरातल्या टेबलावर, वडिलांच्या हातून मुलांना मिळू लागलं. त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला नेल्सननी सगळ्या जगाला उपास करायचं आवाहन केलं; आम्हीही केला होता, शेजारच्यांनी विचारलं म्हणून. शेजारचा धाकटा मुलगा त्या काळात बोलायला शिकत होता. त्याच्यासाठी प्रॉफेट म्हणजे हॉलमधल्या टीव्हीवर दिसणारा, हळू आणि हसून बोलणारा म्हातारा माणूस. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये चर्चची जनरल कॉन्फरन्स असते, शनिवार-रविवार दोन्ही दिवस. त्या सकाळी घराघरांत सिनॅमन रोल भाजतात, मुलं पायजम्यातच सोफ्यावर पसरतात, आजी वही घेऊन टिपणं काढते. या मुलांच्या बालपणात हा आवाज असा घरात बसलेला होता.

ते गेले शनिवारी, २७ सप्टेंबर २०२५ला, रात्री दहाच्या सुमारास, त्यांच्या घरी. रविवारी सकाळी मी आजींना भेटायला गेले, तर घरात रडारड नव्हती, आपल्याला वाटते तशी सुतकी शांतताही नव्हती. सून मुलांचे केस विंचरत होती आणि मध्येच थांबून डोळे पुसत होती. आजी म्हणाल्या, आज ते डँझेलला भेटले असतील. डँझेल ही त्यांची पहिली बायको. २००५ मध्ये गेली. दहा मुलं झाली त्यांना, नऊ मुली आणि एक मुलगा; दोन मुली आई-वडिलांदेखत कॅन्सरनं गेल्या, असं मला आधी वाटायचं, पण आजींनी नीट सांगितलं: एक मुलगी आई असताना गेली, दुसरी २०१९ मध्ये, ते अध्यक्ष असताना. चर्चच्या खास मंदिरात लावलेलं लग्न मरणानं तुटत नाही, आई-बाप-मुलं पुढेही एकत्र राहतात, हा या लोकांच्या विश्वासाचा गाभा आहे. त्यामुळे त्यांच्या शोकात अश्रू आणि आनंद एकाच वेळी दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला ते विचित्र वाटू शकतं. मला ते फार सुंदर वाटतं.

त्याच सकाळी, आम्ही बोलत असतानाच, दुसरी बातमी आली. मिशिगनमधल्या ग्रँड ब्लँक इथे एका माणसानं भर प्रार्थनेच्या वेळी यांच्याच चर्चवर ट्रक घातला, गोळीबार केला आणि इमारत पेटवली. चार माणसं गेली. हल्लेखोर पोलिसांच्या गोळीनं मेला. तुमच्या घरमालकिणीच्या डोळ्यांतलं पाणी फक्त १०१ वर्षांच्या माणसासाठी नसावं. तुमचा कॉल त्याच दिवसातला आहे. पुढे जे झालं ते सासूबाईंना जरूर सांगा. चर्चच्याच एका सभासदानं हल्लेखोराच्या बायको-मुलासाठी वर्गणी सुरू केली, कारण त्यांचा काय दोष? काही दिवसांत तीन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली, आणि देणाऱ्यांत मोठा भरणा याच चर्चच्या लोकांचा होता. आमच्या शेजाऱ्यांनीही दिले. मी विचारलं तेव्हा त्यांनी नेल्सनच्या एप्रिल २०२३ च्या भाषणाचा दाखला दिला. भांडणं मिटवणारे व्हा, वेगळं मत असणाऱ्याशी तुच्छतेनं बोलू नका, असं त्यात त्यांनी सांगितलं होतं. गुरू गेल्यावर त्याचं म्हणणं काही दिवसांतच आचरणात आणणारी माणसं आहेत ही. कट्टर म्हणताना हेही मोजा.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही तिथे राहायला येताय. सगळे असे शोकात नव्हते. यूटात चर्च सोडलेली माणसं पुष्कळ भेटतील आणि त्यांच्या जखमा खऱ्या आहेत. समलिंगी जोडप्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा, म्हणजे चर्चमध्ये सामील होण्याचा पाण्यातला संस्कार, अडवणारा नियम चर्चनं २०१५ मध्ये केला. नेल्सन तेव्हा प्रेषित होते आणि त्यांनी त्याला ईश्वरी आदेश म्हटलं होतं. २०१९ मध्ये, ते स्वतः अध्यक्ष असताना, तो नियम मागे घेतला. मधल्या काळात अनेक घरं दुभंगली. शेजारच्या आजींची मोठी नात त्याच सुमारास चर्चमधून बाहेर पडली. ती नेल्सनसाठी रडली नाही. पण अंत्यविधीच्या दिवशी रजा काढून सॉल्ट लेकहून आली आणि आजींच्या शेजारी बसून सबंध प्रक्षेपण तिनं पाहिलं, कारण आजींना एकटं वाटायला नको. दोघी त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. तुमच्या घरमालकांकडेही असं काही असेल, तर आपण होऊन विचारू नका. विश्वास बसला की त्याच सांगतील.

आता काय करायचं ते. कॉलनंतर तुम्ही गप्प आहात, असं लिहिलंय. आजच निरोप पाठवा. मोठं काही लिहायला नको: तुमच्या प्रॉफेटबद्दल वाचलं, मिशिगनबद्दलही वाचलं, वाईट वाटलं, तुमच्या आई कशा आहेत? एवढंच. वयाचा उल्लेख करून ‘आयुष्य भरपूर जगले’ असं सांत्वन करू नका. ते त्यांना ठाऊक आहे. ‘मॉर्मन’ हा शब्दही टाळा. चर्चचं पूर्ण नाव, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, वापरावं असा नेल्सनचा २०१८ पासून फार आग्रह होता. ‘तुमचं चर्च’ म्हटलं तरी चालतं. आणि एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा, कदाचित त्यांना माहीतही असेल: भारतातलं त्यांचं पहिलं मंदिर नेल्सननीच एप्रिल २०१८ मध्ये बंगळुरूसाठी जाहीर केलं आणि त्याच महिन्यात ते स्वतः बंगळुरूला जाऊन आले. तुमच्या देशाचा त्यांच्या लाडक्या माणसाशी असलेला हा धागा आजींना फार आवडेल.

इथे पोचल्यावर वरच्या मजल्यावर जाल तेव्हा चहापत्ती किंवा कॉफी भेट नेऊ नका. दारू-तंबाखूप्रमाणे चहा-कॉफीही त्यांना वर्ज्य आहे. तुमच्या स्वयंपाकघरात आल्याचा चहा उकळायला सहसा कुणाची हरकत नसते, तरी करार करताना विचारून घ्या. बेसनाचे लाडू न्या, सुकामेव्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते आधी विचारून. आणि भिंतीवर नेल्सनचा फोटो दिसला तर आजींना त्यांच्याबद्दल विचारा. एक तास मोकळा ठेवा.

मुलांचं म्हणाल तर बोलावणी येतील, खेळांची, नाटकांची, चर्चच्या मुलांच्या कार्यक्रमांची. या चर्चमध्ये बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, म्हणजे तुमच्या मोठ्याच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचा नुकताच झालेला असेल आणि तो घरी येऊन विचारणार. खरं ते सांगा. पांढरा शर्ट-टाय घातलेली विशीच्या आतबाहेरची मिशनरी मुलं दारात येतील. पाणी द्या, नको असेल तर स्पष्ट आणि प्रेमानं नको म्हणा. माझ्या अनुभवात त्यानंतर कुणी मागे लागलं नाही. आपली माणसंही आहेत. साउथ जॉर्डनला गणेशाचं मंदिर आहे, स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचं, आणि तिथल्या होळीत याच चर्चची तरुण मुलं हजारोंनी रंग खेळतात.

तुम्ही एक वाक्य अगदी शेवटी लिहिलंय, की तिकडे आमच्यावर काही प्रसंग आला तर कोण आहे? माझे वडील वाईला वारले तेव्हा मला जाता आलं नाही. विमानं बंद होती. भावानं फोनवरून अंत्यसंस्कार दाखवले, इथे मध्यरात्र होती. शेजारच्या आजी झोपेतून उठून माझ्या बाजूला येऊन बसल्या. मडकं का फोडलं, हा मुलगा कोण, मंत्रात वडिलांचं नाव आहे का, असं हळूच विचारत राहिल्या, आणि मी सांगत राहिले. सांगता सांगता मला रडता आलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या रिलीफ सोसायटीच्या बायकांनी जेवणाच्या पाळ्या लावल्या. ही स्त्रियांची संस्था १८४२ पासूनची आहे आणि मयताच्या घरी जेवण पोचवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. इकडच्या मयताला किसलेल्या बटाट्याची, वरून कॉर्नफ्लेक्स घातलेली चीजची भाजलेली डिश ठरलेली असते. त्यात एरवी चिकन सूप पडतं. माझ्यासाठी त्यांनी ते मशरूमच्या सूपमध्ये केलं, आणि डब्यावर तसं लिहूनही पाठवलं.

म्हणूनच २८ सप्टेंबरच्या सकाळी मी आजींकडे गेले. नेल्सन माझे प्रॉफेट नव्हते. त्यांची सगळी मतं मला पटत नव्हती. पण आजींचं माणूस गेलं होतं.

१४ ऑक्टोबरला डॅलिन ओक्स नवे अध्यक्ष झाले, वय ९३. १९८४ मध्ये नेल्सनबरोबर एकाच दिवशी प्रेषित म्हणून निवडले गेलेले. इथे निवडणूक, वशिला, वारसदार असलं काही नसतं. सर्वांत जास्त काळ प्रेषित असलेला माणूस अध्यक्ष होतो. त्यामुळे गादीवरून तंटे होतील का, या तुमच्या शंकेचं कारण नाही. शेजारच्या हॉलमध्ये नेल्सनचा फोटो अजून आहे, ओक्सचा नवा त्याच्या शेजारी लागलाय.

घराबद्दल दोन तांत्रिक गोष्टी तेवढ्या तपासा. बेसमेंटच्या प्रत्येक झोपायच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवी. आणि रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची चाचणी झालीये का ते विचारा; यूटात बेसमेंटमध्ये तो साठतो आणि चाचणी स्वस्तात होते. हिवाळ्यात दरीत धूर-धुकं कोंडून राहतं, तेव्हा मुलांपैकी कुणाला दमा असेल तर हवा शुद्ध करणारं यंत्र घ्या. भाडं, वीज, बर्फ कुणी काढायचा, हे करारात लिहून घ्या. माणसं कितीही चांगली असली तरी. आल्यावर मला कळवा, पहिल्या रविवारचं जेवण आमच्याकडे.