आठवीतल्या मुलाला सामाजिक विषयांवरची मालिका दाखवावी का?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवरचा छळ, मुलींबद्दल मुलांच्या तोंडी येणारी भाषा अशा विषयांवरच्या मालिका आठवीतल्या मुलाला दाखवाव्यात का, आणि त्यातून तो काही शिकेल का. जरूर दाखवा. फक्त भाग संपल्यावर आधी त्याला बोलू द्या.

मी लहानपणी नौपाड्यात शेजाऱ्यांकडे 'हम लोग' बघायचे. साल १९८४. दूरदर्शनची ही मालिका कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचं स्थान लोकांच्या मनात उतरावं म्हणूनच काढली होती. शेवटी अशोक कुमार येऊन त्या भागाचं सार सांगायचे. तरीही मालिकेतल्या सगळं सोसणाऱ्या आईकडे, भागवंतीकडे बघून लोकांनी सावध व्हावं अशी अपेक्षा असताना, कितीतरी बायकांना तीच आदर्श वाटली. पुढे अभ्यासकांनी हे नोंदवलंय. आमच्या चाळीतही 'बाई असावी तर अशी' हेच ऐकू यायचं. बघणारा काय उचलेल हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

आता मी ऐरोलीत राहते. नववीतल्या लेकीबरोबर 'अ‍ॅडोलसन्स' पाहिली, २०२५ सालची ब्रिटिश मालिका. चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग टेकमध्ये चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप असतो. दुसऱ्या भागात तपास अधिकाऱ्याला इमोजींचा खरा अर्थ त्याचाच मुलगा समजावतो. तिथे मी रिमोट दाबला आणि विचारलं, "तुमच्या ग्रुपवर कशाचा काय अर्थ असतो गं?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आई, ओरडणार नाहीस ना?" वर्गातल्या एका मुलीच्या फोटोचं स्टिकर मुलं महिनाभर फिरवत होती. माझ्या लेकीनेही ते एकदा पुढे पाठवलं होतं. ओरडावंसं खूप वाटलं, पण शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या मुलीकडे गेली, मी वर्गशिक्षिकांशी बोलले. मालिकेचे उरलेले दोन भाग आम्ही पंधरा दिवसांनी पाहिले.

तुम्ही मात्र आधी एकट्याने सगळी बघून घ्या. विषय जड आहे आणि तुमचा मुलगा लहान आहे. आणि बोलता बोलता कुणाच्या गंभीर छळाची गोष्ट बाहेर आली, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. नंबर त्यालाही पाठ असू द्या.